अण्णाची अभ्यासिका आणि माझी वखार

अण्णा, तू मेलास ते माझ्या गाडीत. हे आधी लिहून टाकते, कारण आपल्या वस्तीत सगळे सांगत सुटलेत की सर दवाखान्यात गेले. तुझ्या मानाला शोभावं म्हणून सांगतात बिचारे. तंबाखू कारखान्याच्या मॅनेजर बाईच्या गाडीत सरांनी जीव सोडला, हे कुणाच्या तोंडातनं निघत नाही.

निपाणीतनं कोल्हापूरच्या दवाखान्याकडं निघालो होतो. वहिनी मागं बसलेली, तू माझ्या शेजारी. कोगनोळीचा नाका मागं पडला तेव्हा तू छातीवरचा हात काढून म्हणालास, "रंजे, एसी बंद कर. वास येतोय तुझ्या गाडीला." मी म्हटलं, "मग उतरतोस का?" व्हय, असंच म्हटलं. छातीत कळ येत असलेल्या सख्ख्या भावाला. तू हसलास का तोंड वाकडं केलंस ते मला दिसलं नाही, मी रस्त्याकडं बघत होते. थोडं पुढं गेल्यावर वहिनीनं तुला मागनं हाक मारली, आणि मग ती नुसती हाकच मारत राहिली.

आयुष्यभर आपल्या भांडणात शेवटचा शब्द तुझा असायचा. ह्या खेपेला माझा राहिला, आणि त्याचा मला काडीचा आनंद नाही.

महिना होत आला. रोज कुणी ना कुणी येतं, "ताई, सरांनी समाजासाठी आयुष्य वाहिलं" म्हणतं. मी मान हलवते, चहा टाकते. मेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये म्हणतात. मी मेलेल्या माणसाविषयी बोलत नाही, मेलेल्या माणसाशी बोलते. त्याला कुणाची ना नसावी. आणि तू जिवंत असताना मी तोंडावर जेवढं बोलले तेवढं मागं कधी बोलले नाही, तेव्हा आता तरी पाठीमागं कशाला बोलू?

तर ऐक. तू गेलास तेव्हा रडून झाल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो सुजाताचा. तुझी पोरगी. एम.ए. होऊन तुझ्या अभ्यासिकेत, खिडकीपासल्या त्याच टेबलावर, परीक्षेमागनं परीक्षा देत बसलेली. केस विरळ झाले, चष्म्याचा नंबर वाढला, आलेली स्थळं तू "अभ्यास चाललाय" म्हणून दारातनं परत लावलीस. मला तिला त्या खोलीतनं बाहेर काढायचं होतं. तू असताना जमलं नाही. तुझ्या मरणात जमेल असं मला वाटलं. वाईट दिसतं लिहिताना, पण खरं हाय. गाडीतनं तुला उतरवून घेत होते आणि डोक्यात चाललं होतं, आता सुजाता सुटली.

पण तुला सोडून कोण सुटलंय? मी तरी सुटले का?

आई वखारीत तंबाखू चाळायची. शाळा सुटली की आपण दोघं वखारीच्या दारात बसायचो. आत सगळा खकाणा, पिवळा धुरळा, आणि त्यात पदरानं नाकं बांधलेल्या बायका. त्यातली आपली आई कुठली ते खोकल्यावरनं ओळखायचो. मी सातवी झाले तेव्हा आई म्हणाली, रंजीला आता माझ्याबरोबर घेते. तू दारात आडवा झालास. "रंजी वखारीत जाणार न्हाय." आईनं तुला लाटण्यानं मारलं, तू हलला नाहीस. दुसऱ्या दिवशी माझं बोट धरून शाळेत नेऊन बसवलंस आणि बाहेर कट्ट्यावर स्वतःची शाळा बुडवून बसलास, मी पळून वखारीत जाऊ नये म्हणून. त्या दिवसाचं मी तुला कधी काही बोलले नाही. आता बोलते. तू नसतास तर मी आज चाळणीपुढं खोकत असते, किंवा तेही नसते. हे तुझे माझ्यावर उपकार आहेत, आणि ते तू मला एक दिवस विसरू दिले नाहीस.

कारण पुढं काय झालं? तू मला ज्या दारातनं ओढून काढलंस, बी.कॉम. होऊन मी त्याच दारातनं परत आत गेले. फक्त आता चप्पल पायात घालून गेले. कारकून म्हणून लागले, वर चढत चढत कारखान्याची मॅनेजर झाले. आणि तू, आपल्या घराण्यातला पहिला साहेब, हुबळीच्या बँकेतली ऑफिसरची खुर्ची सोडून वर्षाच्या आत घरी आलास. वस्तीतल्या पोरांसाठी अभ्यासिका काढायची म्हणून. समाजाचं देणं फेडायचं म्हणून. बातमी ऐकून आई चुलीपुढंच बसून राहिली. मग म्हणाली, "स्वतःची खुर्ची सोडून आलास, आता ह्या पोरांस्नी कुठली खुर्ची देणार तू?"

त्या म्हातारीला दोन ओळी वाचता येत नव्हत्या, पण अण्णा, तुझ्या पुढच्या सगळ्या आयुष्याला तिनं तिथंच नाव ठेवलं.

आपलं खरं भांडण आई गेली तेव्हा लागलं. दम्यानं गेली, शेवटी श्वास घेताना तिच्या गळ्याच्या शिरा ताणायच्या. माती देऊन आलो, अजून कुणी आंघोळसुद्धा केलेली नव्हती, आणि तू अंगणात सगळ्यांपुढं म्हणालास, "आईच्या छातीत जो खकाणा गेला, त्याच्यावर तू पगार घेतीस रंजे." मी म्हटलं, "आन् तुझ्या पदवीत तो खकाणा न्हाय व्हय? आपण दोघं तंबाखूवरच शिकलो." तू म्हणालास, "म्हणूनच."

म्हणूनच! एवढाच शब्द. तो शब्द मी किती वर्षं चघळला असेल. तुझ्याकडं असे छोटे शब्द लई होते, सुरीसारखे. बाकी सगळ्यांशी तू भाषणात बोलायचास, माझ्याशी शब्दात.

रामूमामा आठवतोय? आपल्या गल्लीतला, जर्दा खाऊन खाऊन ज्याचा जबडा काढला तो. तो गेला तेव्हा मी हार घेऊन आले. सगळी वस्ती पांढऱ्या कपड्यात उभी. तू मला बघून म्हणालास, "हार आणलास? कंपनीच्या बिलात लावलास काय?" लोक हसले, अण्णा. मयताच्या दारात लोक हसले. रामूमामाच्या बायकोनं तेवढा माझा हात धरला. मी हार घातला आणि गाडीत बसून तंबाखूच्या वासात मनमोकळं रडले. तुला शिव्या देत रडले.

मग मीही काय कमी होते? तुझ्या अभ्यासिकेतलं कुणी वयाबाहेर गेलं, म्हणजे परीक्षेला बसायचं वय उलटलं, की मी तुला पेढ्याचा बॉक्स पाठवायची. वर लिहून, "आणखी एक रिटायर झाला, नोकरी न लागता. अभिनंदन." तू ते पेढे पोरांत वाटून टाकायचास, सांगायचास की ताईंनी खाऊ पाठवलाय. कुणासाठी ते सांगायचा नाहीस. ज्याचं वय गेलं तोही आनंदानं खायचा. म्हणजे आपल्या दोघांत जास्त दुष्ट कोण, ते अजून ठरायचं हाय.

माझ्या धंद्यानं काय होतं ते मला म्हाईत हाय, तू शिकवायची गरज नव्हती. पुडी फाडून तोंडात टाकणारा माणूस मी रोज बघते, टपरीवर, बसमध्ये, माझ्याच गेटवर. कधीकधी वाटतं जाऊन सांगावं, बाबा रे थुंक ते. सांगत नाही. संध्याकाळी किती माल गेला ते विचारते. फसवलं नाही मी कुणाला, स्वतःला तर मुळीच नाही. मला खुर्ची पाहिजे होती, आपल्या आईला ज्यांनी "ए बाई" म्हटलं त्यांनी मला "मॅडम" म्हणावं असं पाहिजे होतं, आणि ते मला मिळालं. एवढं मी हात जोडून कबूल करते आणि तरीही उद्या सकाळी कामावर जाणार हाय.

मॅनेजर झाल्यावर मी पहिलं काम केलं ते खकाणा बंद करायचं. मालकाच्या मागं लागून लागून चाळायची झाकणबंद यंत्रं आणवली. धुरळा थांबला. बायकांचा खोकला थांबला. आणि यंत्रानं चाळायला लागल्यावर बायकाही थांबल्या, निम्म्याहून जास्त घरी बसल्या. तू भर चौकात मला गाठलंस, "खोकला थांबवलास, आता त्यांची चूलबी थांबवलीस. झालं समाधान?" मी म्हटलं, "मग काय करू? खोकत ठेवू?" आपण दोघं चौकात एकमेकांकडं बघत उभे, मागं रिक्षावाला भोंगा वाजवतोय. त्या प्रश्नाचं उत्तर अजून लागलेलं नाही आणि आता विचारायला तू नाहीस. खरं सांगते, माझ्या कामाविषयी एवढा बारकाईनं विचार करणारा तुझ्याशिवाय दुसरा माणूसच नव्हता. बाकीच्यांना वाटतं रंजना मॅडम नशीबवान.

पण तू स्वतःचं काम कधी त्या तराजूत घातलंस का? इथंच माझं तुझ्याशी वाकडं होतं. माझ्याकडं तंबाखू हाय म्हणून माझं पारडं काळं, तुझ्याकडं पुस्तकं हायत म्हणून तुझं पांढरं, असा तुझा हिशेब. अरे, पण पुस्तकं कुठली? पुण्याची. पोरं कुठली? निपाणीची. दाखले सगळे बेळगावचे, सीमेच्या अलीकडचे, आणि परीक्षा पलीकडच्या महाराष्ट्राच्या! दर वेळी पोरगं लेखी पास व्हायचं आणि कागदपत्रांच्या पडताळणीत कुठंतरी लटकायचं. हिकडच्या परीक्षेला बसवावं तर कन्नडचा पेपर आडवा. मी तुला सांगितलं होतं, घरी येऊन सांगितलं होतं, "अण्णा, एक कन्नडचा मास्तर ठेव. पगार मी देते." तू म्हणालास, "तंबाखूचा पगार माझ्या अभ्यासिकेत नको. आन् आपली पोरं आपल्या आईच्या भाषेत साहेब हुतील." आईच्या भाषेत! आपली आई हुबळीच्या गाडीवाल्यांशी कन्नडमध्ये भांडून हमाली ठरवायची, विसरलास? मी कारखान्यात वर चढले ती कुणाच्या जिवावर? त्याच कन्नडच्या. तुला ती भाषा येत नव्हती, कोल्हापूरला हॉस्टेलवर शिकलास तू. तुला जे येत नव्हतं ते तू तत्त्व करून टाकलंस.

आणि पोरं तुझं ऐकायची. तू कधी कुणाला "बाळा, हे तुझ्यानं व्हायचं न्हाय" असं म्हटलं नाहीस. तुझ्या स्वभावातच ते नव्हतं. "अजून एक अटेम्प्ट" हाच तुझा मंत्र. एक अटेम्प्ट म्हणजे एक वर्ष, अण्णा. माझ्या मालानं माणसाचा जबडा जातो, तुझ्या मायेनं वय गेलं. जबड्याला निदान डॉक्टर तरी असतो.

एक झाला तेवढा साहेब, प्रशांत. त्याचा फोटो तू अभ्यासिकेच्या दारावर लावलास. पण त्याचं आजोळ चिक्कोडीकडचं, कन्नड त्याला घरातच मिळालेलं. तुझ्या अभ्यासिकेत न येता तो झाला असता का? मला वाटतं झाला असता. हे मी तुला जिवंतपणी बोलले नव्हते. सगळं बोलले, एवढं गिळलं. दया म्हण हवं तर.

आता मागच्या आठवड्याचं सांगते.

मागच्या आठवड्यात तुझं पुण्यानुमोदन झालं. समाजमंदिरात सगळी वस्ती, मधे तुझा फोटो, मेणबत्त्या, भन्तेंनी त्रिशरण पंचशील दिलं. मग रीतीप्रमाणं एकेक जण उठून तुझं चांगलं सांगायला लागला. मला वाटतं, आपल्या समाजातली ही सगळ्यात अवघड रीत. मेलेल्याला खांदा द्यायला जोर लागत नाही एवढा त्याचं चांगलं सांगायला लागतो. प्रशांत आला, सरकारी गाडीतनं. "मी जो काही हाय तो सरांमुळं" म्हणाला आणि बसल्यावर मोबाईलवर हळू आवाजात कुणाशी तरी कन्नडमध्ये बोलत राहिला. मला हसू आलं. मेल्या, तू असतास तर तुलाही आलं असतं, नाही म्हणू नकोस.

मग मंडळाचे अध्यक्ष उठले. म्हणाले, सरांचं कार्य थांबता कामा नये, आजपासून अभ्यासिका सुजाताताई चालवतील. टाळ्या पडल्या. सुजाताला कुणी विचारलं नव्हतं. ती वहिनीशेजारी पांढऱ्या साडीत बसलेली, मान खाली. मी उठले. तुझं चांगलं सांगायला उठले असं लोकांना वाटलं.

मी म्हटलं, "अण्णानं एक साहेब केला, त्याला आपण ऐकलं. आता ज्यांचं झालं न्हाय, त्यांनी जरा उभं ऱ्हावा." मी म्हटलं, "लाजू नका. उभं ऱ्हावा." आणि ते उभे राहिले रे. मागच्या भिंतीपासनं सुरुवात झाली, एक, मग दोघं, मग ओळच्या ओळ. कुणाच्या कानाशी पांढरे केस आलेले. कुणाची पोरं मांडीवरनं खाली उतरली. अध्यक्षांचा स्वतःचा मुलगा उभा राहिला. मी सुजाताकडं बघितलं आणि म्हटलं, "सुजाताला ह्यातलं मी काही करू देणार न्हाय. तिच्यासाठी माझ्या ऑफिसात जागा हाय. उद्यापास्नं ये."

तुझ्या पुण्यानुमोदनात, तुझ्या फोटोपुढं. मला वाटलं जिंकले.

सुजाता उठली. तुझ्यासारखीच उठते ती, आधी चष्मा पुसून. म्हणाली, "अभ्यासिका मी चालवणार न्हाय. पण बंद करायच्या आधी एक काम करायचं राहिलंय, ते बाबांनी कधी केलं न्हाय." मग तिनं उभ्या राहिलेल्या सगळ्यांकडं बघून सांगितलं, "ज्यांचं वय सरत आलंय, त्यांनी सोमवारपास्नं येऊ नका. तुमचं व्हायचं न्हाय. बाबा खोटं बोलत न्हवते, पण खरंबी बोलत न्हवते. पयली मी उठते."

एवढं शांतपणे. माझे एवढ्या वर्षांचे पेढे फिके पडले तिच्यापुढं. कुणाची तरी आई मोठ्यानं ओरडली, "तुझ्या बापानं आस लावली, आन् तू मोडाय बसलीस व्हय गं?" वहिनीनं डोळे मिटून घेतले. सुजाता हलली नाही.

मग दीपक बोलला. तुझा दीपक, जो सगळ्यांत आधी येऊन अभ्यासिका झाडायचा, ज्याचं वय कधीच गेलंय आणि तरीही तू त्याला येऊ नको म्हटला नाहीस. तो म्हणाला, "सुजाता, तुझं बराबर हाय. पन मग सकाळी उठून मी जाऊ कुठं?"

आणि मला पहिल्यांदा कळलं की ती खोली काय होती. साहेब व्हायची जागा नव्हती ती. माणसाला सकाळी आंघोळ करून, भांग पाडून, डबा घेऊन जायला कुठंतरी पाहिजे, ती जागा होती. तू ती दिलीस. हे मला तुझ्या जिवंतपणी दिसलं असतं तर मी पेढे पाठवले असते की नसते, सांगता येत नाही.

पण उत्तर माझ्याकडं होतं ना. माझ्याकडं नेहमीच असतं. मी म्हटलं, "दीपक, माझ्याकडं ये. सकाळच्या पाळीला. गोदामावर माणूस पाहिजेच हाय. तुम्हा सगळ्यांतल्या जेवढ्यांना घेता येईल तेवढ्यांना मी घेते." हे मी मनापासून म्हटलं, अण्णा. तुझ्यावर डाव साधायला नाही.

दीपक खाली बघत म्हणाला, "जमायचं न्हाय मॅडम. सरांनी शपथ घातलीया."

"कसली शपथ?"

"अभ्यासिकेत नाव घालताना पयल्या दिवशी घ्यायला लावायचे. तंबाखूच्या धंद्यात भाकरी खाणार न्हाय म्हणून. आपल्या बावीस प्रतिज्ञा झाल्या की ही तेविसावी, असं हसत म्हणायचे. पन घ्यायला लावायचे. वळीनं उभं करून."

मी बाकीच्यांकडं बघितलं. उभे राहिलेले सगळे माझी नजर टाळत होते. सगळ्यांनी घेतलेली. निपाणीत, अण्णा! अरे, जिथं कुणी काही पेरलं, बांधलं, उचललं, वाहिलं, विकलं तरी शेवटी ते तंबाखूला जाऊन लागतं, त्या गावात तू ह्या पोरांना तंबाखूची भाकरी बंद केलीस आणि दुसरी भाकरी दिली नाहीस! आणि मला बोलला नाहीस. मी एवढी वर्षं जागा रिकाम्या ठेवून बसले, वाटायचं पोरं लाजतात, वाटायचं बहिणीच्या हाताखाली पाठवायला तुला कमीपणा वाटतो. मी सुजाताला दरवर्षी विचारायची आणि ती दरवर्षी "बघते आत्या" म्हणायची.

मी तिच्याकडं वळले. विचारायची गरजच नव्हती, तरी विचारलं. "तूबी?"

"सगळ्यात आधी मीच घेतली, आत्या. आठवीत होते."

आठवीतल्या पोरीकडनं! तुझ्या फोटोकडं बघून मी ओरडले, ते शब्द इथं लिहीत नाही, भन्ते बसले होते. मग सुजाताचे दोन्ही दंड धरले, म्हटलं, "मी सोडवते तुला. मी त्याची बहीण हाय, मी सांगते, सुटली शपथ. दीपक, तुझीबी सुटली. सगळ्यांची सुटली." सुजाता म्हणाली, "तुला न्हाय सोडवता येत. तू घातली न्हाईस." आणि दीपकनं जयभीम केला, चप्पल घातली आणि निघाला. त्याच्या मागनं बाकीचे. कुणी मला वाईट बोललं नाही. पंगत तशीच राहिली, खिरीच्या पातेल्यावर झाकण.

सुजाता आता बाजारात एका साडीच्या दुकानात कामाला लागली. एम.ए. पोरगी, दिवसभर गिऱ्हाइकांपुढं साड्या उलगडते आणि परत घड्या घालते. मी काल दुकानासमोरनं गेले, तिनं बघितलं, मी आत गेले नाही. वहिनी म्हणते, पोरगी घरी आल्यावर जेवते नीट, झोपते नीट. असेल. दीपक कुठं जातो ते मात्र कुणालाच माहीत नाही. सकाळी आंघोळ करून, भांग पाडून घराबाहेर पडतो आणि दुपारी घरी येतो, एवढंच त्याच्या आईनं सांगितलं.

तू असतास तर मी तुझ्या दारात येऊन बसले असते. शिव्या दिल्या असत्या, आईची आण घातली असती, वस्ती गोळा केली असती. तू तुझे ते छोटे शब्द वापरले असतेस, मी त्याहून वाईट वापरले असते, महिना, वर्ष, लागेल तेवढं भांडले असते आणि एक दिवस कंटाळून तू म्हणाला असतास, "जा रंजे, सोडलं त्यांना." जिवंत माणसाकडनं शब्द परत घेता येतो. मेलेल्याला दिलेला शब्द कुणाकडं मागायचा? मी तुझ्या मरणाला इतके दिवस रडले ते खरं नव्हतं बहुतेक. त्या दिवसापासनं रडते ते खरं. शपथ घातलीस ती घातलीस, अण्णा, पण सोडवायला तरी थांबायचंस रं.